बेळगावच्या ओलसर हवेत जिप्सम गिलावा : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या घराच्या आतल्या भिंतींना जिप्समचा गिलावा करून घेतला. तेव्हापासून दोन पावसाळे गेले आहेत. नव्या गिलाव्याविषयी पहिल्या महिन्यात लिहिणे सोपे असते, कारण त्या वेळी प्रत्येक भिंत आरशासारखी दिसते. पण बेळगावात गिलाव्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात होते, म्हणून मुद्दाम थांबून हा अभिप्राय लिहीत आहे. आमच्या घरात दोन प्रकारच्या भिंती आहेत. तळमजला वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांत बांधलेला आहे आणि वरचा मजला आम्ही नव्याने सिमेंटच्या सॉलिड ब्लॉकमध्ये चढवला आहे. एकाच घरात एकच काम दोन वेगळ्या भिंतींवर झाल्यामुळे जिप्समचे गुण आणि दोष मला एकमेकांशेजारी पाहायला मिळाले.

जिप्समकडे वळण्याचे पहिले कारण वाळू हे होते. आपल्या भागात गिलाव्यायोग्य बारीक नदीची वाळू वेळेवर आणि खात्रीची मिळणे अवघड झाले आहे आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चाळून घेतली नाही तर गिलाव्यात भुकटीचे प्रमाण वाढून भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. दुसरे कारण वेळ. सिमेंटचा गिलावा केला की किमान सात दिवस पाणी मारावे लागते, त्यानंतर तो वाळण्यासाठी तीन-चार आठवडे थांबावे लागते, मग पुट्टीचे दोन हात, घासकाम आणि शेवटी प्रायमर. जिप्समला पाणी मारायचे नसते, पुट्टी लागत नाही आणि भिंत पूर्ण वाळली की थेट प्रायमर लावता येतो. मला मालासह मजुरीचा जो दर मिळाला तो चौरस फुटाला ४२ रुपये होता. सिमेंट गिलावा आणि पुट्टी यांची बेरीज त्याच ठेकेदाराने ५३ रुपये सांगितली होती. पैशांपेक्षाही मला पावसाळ्याआधी रंगकाम संपवायचे होते आणि ते संपले.

हा पदार्थ मुळात काय आहे ते समजले की त्याचे पुढचे सगळे वागणे समजते. जिप्सम हा कॅल्शियम सल्फेटचा खनिज दगड असून त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानातून येतो. दगड दळून साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातले पाऊण पाणी उडून जाते आणि जी पांढरी भुकटी उरते तीच प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे गणपतीच्या मूर्तींमुळे आपल्या घराघरांत माहीत असलेली पीओपी. तिच्यात पाणी मिसळले की गेलेले पाणी ती परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि पुन्हा दगड तयार होतो. मूर्तीसाठीची पीओपी दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते. भिंतीवर काम करायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून गिलाव्याच्या मालात घट्ट होण्याचा वेग कमी करणारी द्रव्ये मिसळून ही वेळ पंचवीस-तीस मिनिटांपर्यंत वाढवलेली असते. सिमेंटला मुरण्यासाठी दिवसेंदिवस पाणी लागते, तर जिप्समचे रासायनिक काम अर्ध्या तासात संपते आणि उरलेले जास्तीचे पाणी नुसते वाळायचे असते. मात्र या दगडाची एक मर्यादा कायमची आहे, ती म्हणजे तो पाण्यात थोडा विरघळतो. एका लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम. आकडा लहान दिसतो, परंतु चार महिने ओल धरणाऱ्या भिंतीवर तो लहान राहत नाही.

माल निवडताना मी दोन प्रकारची पोती घेतली आणि तिथे माझी पहिली चूक झाली. वरच्या मजल्यासाठी सेंट-गोबेनच्या जिप्रॉक मालिकेतले तयार प्लास्टर घेतले. तळमजल्यासाठी मात्र ठेकेदाराच्या आग्रहावरून स्वस्त मालाची पोती घेतली, ज्यांवर बनवल्याची तारीख नव्हती. तारीख ही या मालाची सर्वांत महत्त्वाची खूण आहे. भुकटी हवेतले बाष्प शोषून पोत्यातच हळूहळू मरत जाते, त्यामुळे तीन-चार महिन्यांहून जुने पोते कितीही नावाजलेल्या कंपनीचे असले तरी घेऊ नये आणि पावसाळ्यात दुकानाच्या फरशीवर थेट रचलेले पोते तर अजिबात घेऊ नये. जिप्सम बिल्डिंग प्लास्टरसाठी आयएस २५४७ हे भारतीय मानक आहे. त्याचा पहिला भाग साध्या प्लास्टरला आणि दुसरा भाग परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट ही हलकी खनिजे मिसळलेल्या हलक्या तयार प्लास्टरला लागू आहे. पोत्यावर हा क्रमांक पाहावा आणि त्याखेरीज एक साधी चाचणी घरीच करावी. वाटीभर माल पाण्यात कालवून फरशीच्या तुकड्यावर भाकरीएवढा थापावा आणि घड्याळ लावावे. पाच-सात मिनिटांतच घट्ट झाला तर माल शिळा किंवा कसा तरी भाजलेला आहे असे समजावे. तासाभरानंतरही नखाने खोल ओरखडा उठत असेल तरी तो परत करावा. मी ही चाचणी वरच्या मजल्याच्या मालावर केली आणि खालच्या मालावर केली नाही.

वरच्या मजल्याचे काम मनासारखे झाले. ब्लॉकचे बांधकाम पूर्ण होऊन दोन महिने लोटले होते, त्यामुळे भिंती कोरड्या होत्या. कॉलम, बीम आणि स्लॅबचा खालचा भाग मात्र गुळगुळीत होता आणि त्यावर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, तेलाचा पातळ थर होता. अशा काँक्रीटवर जिप्सम चिकटल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात चिकटत नाही. आम्ही तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून त्यावर बाँडिंग एजंट लावला. हा रंगीत, खरखरीत द्रव ब्रशने किंवा रोलरने लावतात आणि तो सुकल्यावर हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो. तो लावण्याऐवजी छिन्नीने जवळजवळ खाचा पाडूनही भागते, पण ते काम कोणी नीट करत नाही, दहा खाचा पाडून पुढे जातात. ब्लॉक आणि काँक्रीट जिथे मिळतात त्या प्रत्येक रेषेवर सहा इंच रुंदीची फायबर जाळी बसवली. लोखंडी जाळी वापरायची असेल तर ती गॅल्व्हनाइज्ड असलीच पाहिजे, कारण सिमेंट आपल्या क्षारधर्मामुळे लोखंडाला गंजण्यापासून वाचवते आणि जिप्सम तसे वाचवत नाही. साध्या खिळ्यांचे तपकिरी डाग रंगातूनही वर येतात.

जाडीच्या बाबतीत ठेकेदाराशी आधीच बोलून घ्यावे. ओळंबा लावून भिंतीचा सर्वांत बाहेर आलेला बिंदू शोधतात, त्यावरून ठरावीक अंतरावर मालाचे ठिपके लावतात आणि त्या ठिपक्यांवरून अॅल्युमिनियमची पट्टी ओढून सपाटी आणतात. आमच्या ब्लॉकच्या भिंतींवर सरासरी १२ ते १३ मिलिमीटर जाडी आली आणि २५ किलोच्या एका पोत्यात साधारण २० चौरस फूट काम झाले. वरच्या मजल्याच्या २,१०० चौरस फुटांना १०५ पोती लागली. कोणी एका पोत्यात ३० फूट काढून देतो म्हणाला तर तो जाडी खात आहे किंवा भिंत वाकडीच ठेवणार आहे, असे समजायला हरकत नाही. दर कमी सांगण्याची ही नेहमीची वाट आहे.

माल कालवण्याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मे दोष घमेल्यातच जन्माला येतात. आधी स्वच्छ पाणी घ्यायचे आणि त्यावर भुकटी शिंपडत टाकायची, भुकटीवर पाणी ओतायचे नाही. घमेले प्रत्येक वेळी धुतले पाहिजे. आधीच्या घाण्यातला घट्ट झालेला कण नव्या मालात राहिला की त्याभोवती स्फटिक भराभर वाढतात आणि तीस मिनिटांचा माल दहा मिनिटांत हातातून जातो. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तळमजल्यावर गेलो, तर अर्धे घमेले माल शिल्लक होता. हात लावला तो कोमट लागला. घट्ट होताना जिप्सम उष्णता सोडते, म्हणजे त्या मालाचे काम संपले होते. मदतनीस मुलाने त्यावर तांब्याभर पाणी ओतले आणि थापीने फोडून पुन्हा लोण्यासारखा मऊ केला. मी ठेकेदाराला हाक मारली. तो म्हणाला, “काका, पाणी मारलं की परत सैल होतंय, काळजी करू नका.” मी ते घमेले ओतून द्यायला लावले, पण त्याआधीचे एक घमेले दिवाणखान्याच्या दारामागच्या भिंतीवर गेले होते. गुंतलेले स्फटिक एकदा मोडले की पुन्हा गुंतत नाहीत. सहा महिन्यांनी त्या जागी रंगाची पापडी सुटली, खालून मैद्यासारखी पूड हाताला आली आणि दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा काढून नवा करावा लागला. पाणी किती घालायचे तेही पोत्यावर लिहिलेले असते. माझ्या मालाला एका पोत्यास सोळा-सतरा लिटर लागत होते. पाणी जास्त झाले की हात हलका चालतो, म्हणून कारागीर सहज जास्त घालतात आणि भिंत तेवढीच कमकुवत होते.

वाळण्याच्या बाबतीत पोत्यावरचे ७२ तास हे कोरड्या हवेचे आहेत. मार्चमध्ये खिडक्या उघड्या ठेवून आमच्या वरच्या खोल्या आठ दिवसांत करड्या रंगावरून एकसारख्या पांढऱ्या झाल्या आणि मगच प्रायमर लावला. हेच काम जुलैत केले असते तर तीन आठवडेही पुरले नसते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये जिप्सम करून लगेच रंग लावण्याचा आग्रह कोणी धरला तर स्पष्ट नकार द्यावा.

आता दोष कसे ओळखावेत आणि काय करावे. पहिला दोष पोकळपणाचा. वाळल्यानंतर बोटाच्या सांध्याने सगळी भिंत ठोकून पाहावी, घट्ट भागाचा आवाज भरीव येतो आणि सुटलेल्या भागाचा बोदा येतो. वरच्या मजल्यावर एका बीमखाली तळहाताएवढा पोकळ भाग मिळाला. तेथे बाँडिंग एजंट लावायचा राहून गेला होता. असा भाग चौकोनी कापून, कडा घट्ट मालापर्यंत नेऊन, धूळ झटकून, एजंट लावून पुन्हा भरतात. भिंतीवरचा लहानसा पोकळ भाग हलत नसेल तर एक वेळ चालेल, छतावरचा मात्र एक इंचही ठेवू नये, तो कधीतरी खाली येतो.

दुसरा दोष भेगांचा. घट्ट होताना जिप्सम आकसत नाही, उलट किंचित फुगते, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या भेगा फारच थोड्या असतात. भेग आली तर ती खालून आलेली असते. बीमच्या कडेने सरळ आडवी गेलेली केसाएवढी भेग जाळी न बसवल्याची असते. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खरवडून, जाळीची पट्टी लावून, जॉइंट फिलरने भरली की प्रश्न मिटतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग वेगळी. काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांत, माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा अशा भेगा दरवर्षी उघडतात आणि मिटतात. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि वर्षभर पाहावे. ती वाढत असेल तर गिलाव्यावर पैसे घालवण्याआधी पायाकडे लक्ष द्यावे लागते.

तिसरा आणि आमच्यासाठी सर्वांत मोठा दोष ओलीचा होता. तळमजल्याच्या उत्तरेकडील चिऱ्याच्या भिंतीला ऊन लागत नाही आणि जुन्या बांधकामात पायाच्या वर ओल अडवणारा थर नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी तो वातीसारखे वर ओढतो. फेब्रुवारीत ती भिंत कोरडी वाटली म्हणून आम्ही पुढे गेलो. चिऱ्यांच्या उंचसखल पृष्ठभागामुळे काही ठिकाणी ३० मिलिमीटर जाडी भरावी लागत होती आणि ती ठेकेदाराने एकाच थरात भरली. एवढ्या जाडीसाठी आधी सिमेंटचा खरखरीत थर देऊन, तो पूर्ण वाळवून, वरून जिप्समचा पातळ हात द्यायला हवा होता. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत भिंत गडद झाली आणि दिवाळीनंतर ती वाळू लागली तेव्हा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून येणारे क्षार, बाहेर आला. पांढऱ्या कापसासारख्या केसांनी रंग वर उचलला होता आणि बोट दाबले की गिलावा ओल्या बिस्किटासारखा खचत होता. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा. ओल्या फडक्याने पुसला तर क्षार पुन्हा भिंतीत शिरतात.

ओल आतून येते की हवेतून, हे आधीच कळण्याचा एक बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो मला उशिरा समजला. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतले बाष्प थंड भिंतीवर बसते आहे. पहिल्या स्थितीत जिप्सम करूच नये, दुसऱ्या स्थितीत खिडकी आणि वारा पुरतो. ही चाचणी पावसाळ्यात किंवा लगेच नंतर करावी, फेब्रुवारीत केलेल्या चाचणीवर विसंबू नये. ओल थांबवण्यासाठी जिप्समच्या मालात मूठभर सिमेंट मिसळण्याचा सल्ला आमच्याच गल्लीत दोघांनी दिला. तो धोक्याचा आहे. जिप्सममधले सल्फेट आणि सिमेंट ओलीत एकत्र आले की फुगणारे स्फटिक तयार होतात आणि गिलावा आतून फाटतो. याच कारणाने ओल्या सिमेंट गिलाव्यावरही जिप्सम चढवू नये.

काही गोष्टी थोडक्यात. बाथरूम, बाहेरची बाजू आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यामागचा टाइल्सचा भाग सिमेंटमध्येच करावा. कोरड्या खोल्यांतही जिप्सम फरशीच्या वर चार-सहा इंचांवर थांबवून खाली स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या तळाच्या फरशीच्या पट्टीसाठी, सिमेंट ठेवावे, नाहीतर फरशी पुसतानाचे पाणी रोज त्याला लागते. खिळा हातोडीने ठोकू नये, ड्रिलने ब्लॉकपर्यंत भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू बसवावा. वरच्या मजल्यावर वजनदार घड्याळ आणि देवघराची फळी अशीच बसवली आहे, दोन वर्षांत कड निघालेली नाही. भिंत हाताला सिमेंटपेक्षा कमी थंड लागते, रंगही कमी लागला.

विक्रेत्याविषयी माझे मत चांगले आहे. त्याने फुटलेली तीन पोती विनातक्रार बदलून दिली आणि प्रत्येक गाडीबरोबर तारखा पाहू दिल्या. ठेकेदाराच्या माणसांची पट्टी सरळ आणि हात स्वच्छ होता, वरचे काम त्यांनी अकरा दिवसांत संपवले. परंतु तळमजल्याची भिंत पाहताना ‘ही जिप्समची भिंत नव्हे’ हे सांगणे ठेकेदाराचे काम होते. तो दर आठवड्याला अशा भिंती पाहतो, मी आयुष्यात एकदा. दुरुस्तीच्या वेळी त्याने फक्त मजुरी सोडली, मालाचे पैसे घेतले. माझ्या मते वरच्या मजल्याच्या कामाला पाचपैकी साडेचार आणि खालच्या कामाला दोन गुण योग्य ठरतील.

नवे ब्लॉकचे किंवा विटांचे घर, कोरडा पाया आणि डिसेंबर ते एप्रिल हा काळ असेल, तर टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुठेही मी जिप्समच सुचवीन. खानापूरच्या बाजूला, जिथे पाऊस बेळगावापेक्षाही जास्त आहे आणि चिऱ्याची घरे अधिक आहेत, तिथे निदान तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती त्यातून वगळाव्यात. आमच्या उत्तरेकडील भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टा येत्या जानेवारीत चिऱ्यापर्यंत खरवडणार आहोत. मार्च संपेपर्यंत तो उघडा ठेवून वाळवू आणि मग चुन्याचा गिलावा करू, म्हणजे आत आलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहील. त्याच्या वरचा जिप्समचा भाग ठोकून पाहिला आहे, तो घट्ट आहे आणि तसाच राहील.